दाण्याचे वावडे आणि घराबाहेरचा घास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पापड-कुरडयांच्या उद्योगाचा हिशेब सांगते, कोणी भजनाच्या वर्गाची हकिकत सांगते. या वर्षी चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही धाकटीला घेऊन पंढरपूर झालं, कोल्हापूर झालं, गणपतीपुळं झालं, हैदराबादसुद्धा पाहून आलात. तिला दाण्याचं इतकं कडक वावडं, मग बाहेर जेवता तरी कसं? तेच बोला." मी सातवी शिकलेली बाई. व्यासपीठावर उभे राहण्याची मला सवय नाही. पण स्वयंपाक करणे आणि प्रवासाची पिशवी भरणे, या दोन गोष्टी मला येतात आणि आजचा विषय त्या दोन्हींचाच आहे. तेव्हा माझे चार शब्द गोड मानून घ्यावेत.

'वावडे' हा शब्द आपल्या बोलण्यात फार स्वस्त झाला आहे. कोणाला कारल्याचे वावडे, कोणाला पहाटे उठण्याचे वावडे. त्यामुळे खरे वावडे असणाऱ्याचे कोणी मनावर घेत नाही. खरे वावडे म्हणजे काय, ते आमच्या डॉक्टरांनी मला सोप्या शब्दांत सांगितले. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी एक शक्ती असते. एखाद्याच्या अंगातली ही शक्ती दाण्यातील प्रथिनालाच शत्रू समजते. दाणा पोटात गेला की ती सगळे सैन्य घेऊन धावून येते आणि शत्रू राहतो बाजूला, घरच्याच माणसाचा घात होतो. व्हिएन्नाचे डॉक्टर फॉन पिर्के यांनी 1906 साली या प्रकाराला 'ॲलर्जी' हे नाव दिले. त्याआधी 1902 मध्ये रिशे आणि पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना कुत्र्यांवरील प्रयोगात असे आढळले होते की, एका समुद्री प्राण्याचे विष जे कुत्रे पहिल्या वेळी सोसून गेले, तेच काही आठवड्यांनी त्याहून कितीतरी कमी विषाने काही मिनिटांत दगावले. या शोधासाठी रिशे यांना 1913 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपण बायकांनी त्यातून एवढेच घ्यायचे, की इथे मापाला किंमत नाही. "एवढ्याशानं काय होतंय?" हा आपला नेहमीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर, "एवढ्याशानेच होते."

आमची धाकटी तीन वर्षांची असताना तिळगुळाची एक वडी खाऊन पंधरा मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि छाती वाजू लागली. वेळेवर डॉक्टर मिळाले म्हणून निभावले. पुढे रक्ताची आणि कातडीवरची तपासणी झाली, तेव्हा कळले की दोष तिळाचा नव्हता, तिळगुळात घातलेल्या दाण्याच्या कुटाचा होता. आज ती सतरा वर्षांची आहे.

आता गंमत बघा. वावडे कशाचे, तर दाण्याचे, आणि जन्म कुठे, तर देशावर! आपल्या घरी दाण्याचा कूट म्हणजे मिठाच्या खालोखाल. खिचडीत कूट, कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यांत कूट, आळूच्या पातळ भाजीत अख्खे दाणे, पोह्यांत तळलेले दाणे, भाकरीबरोबर दाण्याची चटणी. हे झाले डोळ्यांना दिसणारे. न दिसणारे त्याहून जास्त. हॉटेलातली दाट रस्साभाजी काजूच्या वाटणाची म्हणून येते, पण काजू महाग, म्हणून त्यात दाणे वाटलेले असू शकतात. मिठाईवरचे हिरवे काप पिस्त्याचे दिसतात, पण रंगवलेल्या दाण्याचेही निघतात. भजी साधी बेसनाची असतात, पण त्याच कढईत आधी साबुदाण्याचे वडे तळलेले असतात. इडलीत दाणा नसतो, पण चटणी ज्या भांड्यात वाटतात त्यात असतो. तेलाचेही असेच. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, पण घाण्याच्या तेलात ते राहते. आणि बाहेर कोणते तेल वापरले आहे ते आपल्याला कोण सांगणार? म्हणून आम्ही दोन्ही टाळतो.

भाजले, उकडले, तळले की दोष जातो, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. भाजण्याने तो उलट वाढतोही. तसेच वरचे दाणे वेचून बाजूला काढले म्हणून पदार्थ चालत नाही. कूट बोटांनी वेचता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचे!

आता प्रवासाचे बोलते.

पहिली गोष्ट, निघण्यापूर्वी पंचांग पाहायचे. हसू नका. मुहूर्तासाठी नव्हे, उपवासासाठी! एकादशीला, महाशिवरात्रीला किंवा नवरात्रात निघाले, तर वाटेतल्या प्रत्येक हॉटेलात खिचडी, वडे आणि दाण्याची आमटी. भांडी, झारे, कढया, ओटे, सगळे दाण्याने माखलेले. पंढरपूरला आम्ही एकादशी सोडून साध्या वारी गेलो. विठोबा रोज तिथेच उभा आहे, तो रागावत नाही.

दुसरी गोष्ट, पहिल्या दिवसाचे सगळे जेवण घरचे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचे लोणचे, केळी, उकडलेली अंडी. याखेरीज डाळ-तांदूळ, तुपाची लहान बरणी, मीठ, एक पातेली आणि पळी मी बरोबर घेते. धर्मशाळेत किंवा चूल मिळेल अशा ठिकाणी उतरलो की वरणभात होतो. मुलगी म्हणते, "आई, साऱ्या महाराष्ट्रात मी तुझ्याच हातचा वरणभात खाल्लाय." म्हणू दे.

तिसरी गोष्ट, हात. एसटीच्या बाकावर आणि रेल्वेच्या खिडकीशी शेंगांची टरफले नेहमीच असतात. बसण्याची जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि खाण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे. बाटलीतल्या सॅनिटायझरने जंतू मरतात, पण दाण्याचा अंश हातावर तसाच राहतो. तो साबण-पाण्यानेच निघतो. मात्र शेजारच्या बाकावर कोणी शेंगा फोडत असेल तर त्याच्याशी भांडू नये. नुसत्या वासाने असा जीवघेणा प्रकार सहसा होत नाही, धोका पोटात जाण्याचा असतो, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून माझी अर्धी भीती गेली. म्हणून "तुमच्या घरी दाणे भाजू नका" असे मी शेजारी कोणाला कधी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही.

चौथी गोष्ट, परमुलखातली भाषा. हिंदी भागात दाण्याला मूंगफली म्हणतात, गुजरातेत सिंग किंवा मगफळी, कर्नाटकात शेंगा किंवा कडलेकाई, तेलुगू मुलखात पल्ली किंवा वेरुशनगा, तमिळमध्ये वेर्कडलै किंवा निलक्कडलै. हैदराबादला जाण्यापूर्वी मुलीने ही सगळी नावे पाठ केली, म्हणूनच 'पल्ली चटणी' हे शब्द ऐकताच तिने ताट मागे सारले. पुडीच्या पदार्थांवर इंग्रजीत कुठे पीनट असते, कुठे ग्राउंडनट. दोन्ही एकच. 2020 च्या अन्न-सुरक्षा नियमांप्रमाणे गव्हासारखी ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचाचे जीव, दाणे, काजू-बदामासारखी कठीण कवचाची फळे आणि सोयाबीन यांपैकी काही पदार्थात असेल, तर ते पुडीवर वेगळे छापावे लागते. 'कंटेन्स' या शब्दापुढे ते लिहिलेले असते. 'मे कंटेन' असे असेल, तर नकळत अंश आला असण्याचा संभव आहे, असा त्याचा अर्थ. आम्ही तीही पुडी घेत नाही. नेहमीच्या बिस्किटांची पुडीसुद्धा दर खेपेला नव्याने वाचायची, कारण कारखानदार कृती बदलतात. सुट्या फरसाणावर, चिवड्यावर आणि मिठाईच्या खोक्यावर असे काही छापलेले नसते. ते आमच्यापुरते वर्ज्य.

छापलेल्या दोन ओळींची किंमत काय, ते ब्रिटनमधल्या एका मुलीने जगाला दाखवले. नताशा तिचे नाव. वय पंधरा. 2016 साली वडिलांबरोबर परगावी निघताना विमानतळावर तिने एक पाव घेतला. तिला तिळाचे वावडे होते. तीळ पिठातच मळलेले होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. ती वाचली नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर 2021 पासून तिकडे दुकानातच बनवून बांधून ठेवलेल्या खाद्यावरही सगळे घटक लिहिणे कायद्याने भाग पडले. त्याला नताशाचा कायदाच म्हणतात. माझ्या मुलीने ही हकिकत मला वाचून दाखवली, त्या रात्री मला झोप आली नाही.

आता हॉटेलात विचारायचे कसे? "यात दाणे आहेत का?" असे विचारले, तर गडबडीतला वेटर तुमच्या तोंडाकडे पाहून तुम्हाला हवे तेच उत्तर देतो, "नाही हो ताई." म्हणून प्रश्न फिरवून विचारावा. "ही भाजी कशी करता? वाटण कशाचं? दाट कशानं करता? तेल कोणतं?" आणि वेटरला नव्हे, आचाऱ्याला विचारावे. गर्दीची वेळ टाळून जावे, म्हणजे आचाऱ्याला बोलायला सवड असते. "पथ्य आहे", "चालत नाही" असे शब्द वापरू नयेत, कारण पथ्य म्हटले की लोकांना वाटते थोडे चालत असेल. सरळ सांगावे, "दाण्याचा कण पोटात गेला तर हिच्या जीवाला धोका आहे." आम्ही हेच मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एका जाड कागदावर लिहून घेतले आहे. खाली भांडी, झारा, तेल आणि मिक्सरसुद्धा वेगळा हवा, असे लिहिले आहे. तो कागद आत स्वयंपाकघरात जातो. मोठ्या, दहा किंवा अधिक शाखांच्या उपाहारगृहांना अशा पदार्थांची माहिती देणे नियमाने आवश्यक आहे, तिथे ती हक्काने मागावी. उत्तर ठाम नसेल, तर पाणी पिऊन उठावे. उठण्यात अपमान नाही. पुष्कळदा खरा माणूस भेटतो. कोकणात एका खाणावळीतील काकू म्हणाल्या, "आमच्याकडे वाटण नारळाचं, पण सकाळी पोह्यांना दाणे तळले होते. थांबा, पातेली घासून नवी फोडणी करते." अशा माणसाच्या हातचा घास निर्धास्त घशाखाली उतरतो.

पण सगळीकडे अशा काकू नसतात. चार वर्षांपूर्वी कोल्हापूरहून परतताना वाटेत एका ढाब्यावर आम्ही थांबलो. कागद दाखवला. यजमान आत जाऊन विचारून आले. "दाण्याचा कणही नाही," असे मालकाने छातीठोकपणे सांगितले. मुलीने दोन घास घेतले आणि म्हणाली, "आई, जिभेला खाजतंय." मग घोगरा आवाज, खोकला, उलटी, आणि चेहरा पांढराफटक. मागाहून कळले की रस्सा पातळ झाला म्हणून आयत्या वेळी आतल्या पोऱ्याने त्यात दाण्याचे वाटण घातले होते. त्या क्षणी ते विचारत बसायला वेळ नव्हता. मी पिशवीतून औषध काढले, तिला बाकावर आडवे केले आणि इंजेक्शन दिले. हात कापत होता, पण सुई जागेवर गेली. पाच मिनिटांत तिच्या गालांवर रंग परत आला. यजमानांनी 108 ला फोन लावला होताच. त्या पाच मिनिटांत मी किती देव आठवले ते विचारू नका.

म्हणून औषधाचे दोन शब्द नीट ऐका. असे वावडे घरात नसले, तरी उद्या तुमच्या पंगतीतल्या कोणाला असू शकेल. या दुखण्यावर पहिले औषध एकच, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. परदेशात त्याची तयार पेनं सर्रास वापरतात. आम्हाला डॉक्टरांनी कुपी आणि सिरिंज लिहून दिली आणि द्यायला शिकवले. आमच्या कुपीत 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम औषध असते, पण संपूर्ण कुपी एका वेळी द्यायची नसते. वजनाप्रमाणे किती भरायचे, ते डॉक्टरांनी लिहून दिले आहे आणि तो कागद कुपीलाच गुंडाळलेला असतो. सुई मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या अंगाला. पाच मिनिटांत उतार नाही पडला तर दुसरे द्यायचे, म्हणून दोन कुप्या नेहमी जवळ. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवायचे, दम लागला असेल तर बसते ठेवायचे, पण उभे करायचे नाही आणि चालवायचे तर मुळीच नाही. बरे वाटले तरी दवाखान्यात जायचेच, कारण काही तासांनी तोच प्रकार पुन्हा उलटू शकतो.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की "पित्त उठलं" म्हणून आमसुलाचा कोळ चोळतात. नुसत्या खाजेला तो खुशाल चोळा. पण वावड्याचे खाऊन आवाज बसला, श्वास अडला, घेरी आली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आमसूल नको, खाजेची गोळीही पुरणार नाही. तिथे इंजेक्शन आणि 108. आणि हे औषध सामानाच्या ट्रंकेत, गाडीच्या टपावर किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. उन्हाने ते बिघडते. ते माणसाच्या अंगावर, खांद्याच्या पिशवीत असावे. विमानात डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत न्यावे. त्यावरची मुदत दर महिन्याला पाहावी. मी चतुर्थीला पाहते, म्हणजे विसर पडत नाही.

इथे बसलेल्या आज्यांचा एक प्रश्न मला नेहमी येतो, "मग नातवंडांना दाणे द्यायचेच नाहीत का?" उलट आहे. लंडनमध्ये 640 तान्ह्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2015 साली आला. ज्या बाळांना वावडे होण्याची भीती जास्त होती, त्यांनाच पहिल्या वर्षापासून दाण्याचे खाणे नियमाने दिले, तेव्हा पाचव्या वर्षी वावड्याचे प्रमाण दाणे टाळणाऱ्यांपेक्षा जवळजवळ 80 टक्क्यांनी कमी निघाले. मात्र अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकतो. तेव्हा द्यायचे ते पातळ करून. आणि बाळाच्या अंगावर मोठा इसब असेल किंवा अंड्याचे वावडे असेल, तर आधी डॉक्टरांना विचारून.

आता शेवटचे आणि माझ्या मनातले. येत्या जूनमध्ये मुलगी शिकायला पुण्याला जाणार. वसतिगृहात राहील, खाणावळीत जेवील. आतापर्यंत प्रत्येक घासाआधी आचाऱ्याला मी विचारत होते, आता तिला विचारायचे आहे. इंजेक्शन ती स्वतःचे स्वतः देऊ शकते, मी तिला ते संत्र्यावर टोचून शिकवले. खोलीतल्या मुलींनाही ती शिकवणार आहे. मला भीती औषधाची नाही, आग्रहाची आहे. आपल्याकडे प्रेम मोजतात ते आग्रहाने. "माझ्या हातचं आहे, एक तरी घे," असे म्हणत आपण ताटात वाढतो. "नको" म्हणणारी मुलगी आपल्याला शिष्ट वाटते. संक्रांतीला कोणी तिळगूळ पुढे केला आणि माझ्या मुलीने हात जोडले, तर ती तुमचा अवमान करत नाही, ती जगायचे म्हणते.

तर भगिनींनो, माझी तीन मागणी आहेत. एक, कोणी एकदा "नको, मला वावडं आहे" म्हटले, की दुसऱ्यांदा आग्रह नको. दोन, मंडळाच्या अल्पोपाहारात प्रत्येक पातेल्याजवळ एक चिठ्ठी असावी, आत काय काय आहे त्याची, आणि प्रत्येक पातेल्याची पळी वेगळी. ज्याला वावडे आहे त्याला पंगतीत सर्वांआधी वाढावे, म्हणजे पळ्या एकमेकींत बुडण्याआधी त्याचे ताट भरते. तीन, ज्यांच्या घरी परगावची मुले-मुली खाणावळीला येतात, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारावे, "बाळा, तुला कशाचं वावडं आहे का?" हा प्रश्न विचारायला एक पैसा लागत नाही. कोणा अनोळखी आईची झोप त्यावर अवलंबून असते.

चिटणीसबाईंनी आजच्या चिवड्यात दाण्यांऐवजी भाजके डाळे घातले आहे, आणि तशी चिठ्ठीही लावली आहे. धाकटी मागच्या रांगेत बसली आहे. चिवडा तिच्याही वाटणीचा आहे, याचा मला फार आनंद आहे.